डाव्या हाताचा टाका

आमच्या हॉस्पिटलचे सहा मजले जमिनीवर आहेत आणि एक जमिनीखाली. खालच्या मजल्यावर तीन दारं. पहिलं लॉन्ड्रीचं, मधलं शवागाराचं, शेवटचं माझं. लॉन्ड्रीवाला म्हणतो, "मास्तर, आपल्या तिघांत कधी कुरकुर नाही ती फक्त मधल्याची." हा विनोद तो सोळा वर्षं करतोय आणि मी सोळा वर्षं हसतोय. न हसून सांगतो कुणाला? दिवसभरात माझ्याशी दोन शब्द बोलणारा तो एकटाच.

मी शिंपी. पेशंटचे गाऊन, ऑपरेशनच्या हिरव्या चादरी, खाटांमधले पडदे, उशांचे अभ्रे, सगळं माझ्या हातचं. पूर्वी आम्ही चौघं होतो. मग वापरून फेकायच्या चादरी आल्या, तीन मशीनं भंगारात गेली आणि तिघं घरी. मला निवृत्तीनंतरही ठेवून घेतलं, कारण गाऊनचे बंद रोज तुटतात. एवढी यंत्रं आली, पण न तुटणारा बंद अजून कुणाला जमलेला नाही.

बाहेरून शिवून आणलेल्या गाऊनचे तुटतात म्हणा. माझा सहसा तुटत नाही. आमच्या वडिलांनी शिकवलं होतं : बंद लावायचा तर आधी चौकोन शिवायचा, चौकोनात फुली मारायची, आणि शेवटी दोरा तीनदा घडीतून फिरवून गाठ आत लपवायची. "गाठ दिसली की शिंपी कच्चा," असं म्हणायचे. वडील शिंपी, मी शिंपी, धाकटा भाऊही शिंपी. धाकटा डावखुरा. मशीनवर ते कळत नाही, पण हातशिलाईत त्याचे टाके उलटे कलतात. वडिलांनी पट्ट्या मारून पाहिल्या, डावा हात बांधून पाहिला, शेवटी स्वतःचेच हात टेकले. घरात त्याचं नावच डावरा पडलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक गाऊन. सहा वर्षांपूर्वी तो दुरुस्तीच्या गठ्ठ्यात आला. त्याचा मानेजवळचा बंद कुणीतरी आधीच लावून टाकला होता, हाताने. चौकोन, आत फुली, गाठ आत. आणि टाके सगळे उलटे कललेले. तो हातात धरून मी बराच वेळ बसलो. मग मला राग आला, अंगाची आग झाली अगदी. वॉर्डातल्या कुणा डावखुऱ्या आयाने केलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली, ब्लेड घेतलं, बंद उसवला आणि मशीनवर पुन्हा लावला. मशीन त्या दिवशी जरा जोरातच चालवलं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. शिंप्याच्या मागे दोन गोष्टी लागतातच. पाठ वाकते, आणि लघवी अडवून धरायची सवय जडते. शिवण अर्ध्यात असताना कोण उठणार? त्यामुळे गेल्या वर्षी मला तासातासाला उठावं लागू लागलं, धार बारीक झाली, तेव्हा मी म्हटलं, झालं, धंद्याने आपला वाटा मागितला. हॉस्पिटलात कामगारांची वर्षाची तपासणी होते. फुकट आहे म्हणून मीही रक्त दिलं. त्यातला एक आकडा असायला हवा त्याच्या पाचपट निघाला. मग सहाव्या मजल्यावरून बोलावणं आलं. सुईने आतले तुकडे काढून तपासायला पाठवले, आणि दहा दिवसांनी तिथल्या सर्जनबाईंनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक गाठोडी असते, प्रोस्टेट म्हणतात तिला. तिच्यात कॅन्सर आहे. अजून आतच आहे, बाहेर पडलेला नाही, काढून टाकता येईल.

बाईंनी पाणी दिलं. मला मुलगी असती तर त्यांच्याच वयाची असती.

"पोट फाडायचं नाही, मास्तर. सहा छोटी भोकं पाडायची. एकातून दुर्बीण आत जाते, बाकीच्यांतून हत्यारं. हत्यारं रोबोच्या हातात आणि रोबो माझ्या हातात. मी कोपऱ्यात मशीनवर बसते. पायाखाली पेडलंसुद्धा आहेत, तुमच्यासारखी."

"आणि शिवणार कसं?" मला दुसरं काही सुचेना.

"प्रोस्टेट काढली की मूत्राशय आणि खालची नळी यांच्यात अंतर पडतं. ती दोन तोंडं जवळ ओढून गोल शिवायची. धावदोऱ्याने."

"पाण्याची जागा आहे, मॅडम. धावदोरा गळेल."

त्या हसल्या. "म्हणून तर आठवडाभर आत रबरी नळी ठेवते, शिवण धरेपर्यंत. आणि टाके अगदी जवळजवळ घालते. तरी थोडे महिने गळतं. ते सांगून ठेवते आधीच."

गळेल हे आधीच सांगणारा कारागीर मला आवडतो. मी होकार दिला. तेव्हा त्यांनी कागद पुढे ओढला. "वडील कशाने गेले?"

"पाठीने."

"पाठीने कुणी जात नाही, मास्तर."

अकरा वर्षांपूर्वी वडील धाकट्याकडे राहायचे, त्याच्या दुकानामागच्या खोलीत. पाठ दुखते म्हणायचे. आम्हाला दोघांनाही त्यात नवल वाटलं नाही. शिंप्याची पाठ दुखणार नाही तर कुणाची? वाकावं लागू नये म्हणून धाकट्याने त्यांच्या स्टुलाचे पाय चार बोटं कापले. मी मलम नेऊन दिलं. पुढे त्यांना कूससुद्धा बदलता येईना, तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, तू हॉस्पिटलात आहेस. एखाद्या डॉक्टरला विचार की." मी म्हटलं, "धंद्याची पाठ आहे. मशीन सोडायला सांग, बरी होईल." खरं कारण वेगळं होतं. मला वर जाऊन विचारायची लाज वाटायची. वरचे मला "ते गाऊनवाले" म्हणायचे. गाऊनवाल्याने कुठल्या तोंडाने डॉक्टरला अडवायचं? काखेत कळसा होता आणि मी वळसा घालायलासुद्धा उठलो नाही. आठ महिन्यांत वडील गेले.

त्या दिवशी धाकट्याने चारचौघांत मला विचारलं, "इतकी वर्षं हॉस्पिटलात आहेस, एका माणसाला विचारायला तुझी जीभ झडली होती?" मी म्हटलं, "तुला तुझी खोली मोकळी हवी होती, ती झाली." ते शेवटचं बोलणं. माझी बायको त्याच्या तीन वर्षं आधी गेली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटा तुटला आणि माझ्या माणसांची यादी संपली.

एवढं सगळं मी बाईंना सांगितलं नाही. पाठीचं तेवढं सांगितलं. त्या जरा वेळ पेन फिरवत राहिल्या. "आज नक्की कुणी सांगू शकणार नाही. पण हा कॅन्सर हाडांत उतरला की पाठ अशीच दुखते. भाऊ आहे?"

"एक. धाकटा. अठ्ठावन्नचा."

"त्याला धोका इतरांपेक्षा जास्त. त्याला ताबडतोब रक्त तपासायला सांगा. लवकर कळलं तर तुमच्यासारखं, उशिरा कळलं तर वडिलांसारखं."

"आमचं बोलणं नाही, मॅडम."

"मग आता बोला."

"माझ्या पोटाला सहा भोकं पाडा. पण नाक कापायला लावू नका."

त्या या वेळी हसल्या नाहीत. "तुमचं नाक मोठं की भाऊ, ते तुम्ही ठरवा," म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मी खाली आलो. मशीनपुढे बसलो. धाकट्याची पाठ दुखत असणार, याची मला खात्री होती. आणि तोही म्हणत असणार, धंद्याची पाठ आहे. त्याला हे सांगायला माझ्याशिवाय जगात दुसरं कुणी नव्हतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तू म्हणत होतास तेच खरं होतं, मी विचारलं असतं तर कदाचित बाबा वाचले असते, आणि आता तेच दुखणं मला झालंय. तीन वाक्यं. लॉन्ड्रीच्या फोनवरून मी त्याच्या दुकानाचा नंबर लावला. पलीकडे मशीनचा आवाज आला आणि मग "हॅलो". मी फोन ठेवून दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यावरूनच काढलं असावं. म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू.

ऑपरेशनच्या फॉर्मवर एक ओळ होती : 'सोबत कोण'. सही केल्याशिवाय दाखल करून घेत नाहीत. लॉन्ड्रीवाल्याने हात पुसून सही केली. 'नातं' या रकान्यात त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं, 'शेजारी'. खोटं नव्हतं. मधलं दार सोडलं तर आम्ही शेजारीच.

सकाळी त्याने मला गाऊन आणून दिला. माझ्याच हातचा होता. मी गाऊन जन्मभर शिवले, पण अंगात पहिल्यांदा घातला. पाठ सगळी उघडी पडते, बंद आपल्याला बांधता येत नाहीत, दुसऱ्या माणसाला मागे उभं राहावं लागतं. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. एकटं माणूस आलं तर त्याने काय करायचं? लॉन्ड्रीवाल्याने बंद बांधले आणि म्हणाला, "तुटला तर तक्रार स्वतःकडेच करा, मास्तर." त्याची कामाची पाळी होती. तो खाली गेला.

ऑपरेशनचं मला सांगता येणार नाही, मी झोपलो होतो. चार तास लागले म्हणे. पोटात हवा भरून ते फुगवतात, डोकं खाली आणि पाय वर करून ठेवतात, आणि काढलेली गाठोडी पिशवीत घालून बेंबीजवळच्या भोकातून बाहेर ओढतात. जाग आली तेव्हा पोटावर सहा चिकटपट्ट्या होत्या, आडव्यातिडव्या. माझ्या हाताखालच्या माणसाने अशी बटणं लावली असती तर मी त्याला घरी पाठवलं असतं. पोट फारसं दुखत नव्हतं. दुखत होता खांदा. उरलेल्या हवेमुळे दुखतो, असं नर्सने सांगितलं. संध्याकाळी ती म्हणाली, "काका, उठून चाला थोडं. बरोबर कुणाला तरी घ्या." मी म्हटलं, येतीलच एवढ्यात. आणि नळीला जोडलेली लघवीची पिशवी हातात धरून एकटाच पडद्यापर्यंत जाऊन आलो. पडद्याची शिवण मला ओळखीची होती, तेवढाच आधार.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं. घर म्हणजे दोन खोल्या. नळी आत, पिशवी बाहेर, आठ दिवस असं राहायचं. पहिल्या दिवशी पिशवी खुर्चीच्या पायात अडकून असा हिसका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग मी माझी जुनी पँट काढली. डाव्या पायाची आतली शिवण गुडघ्यापर्यंत उसवली, तिथे दाबाची बटणं लावली, आत पोटरीजवळ पिशवीसाठी मऊ कापडाचा खिसा शिवला, आणि कंबर दोन इंच सैल केली, म्हणजे पट्ट्यांवर दाब येऊ नये. शिवताना मला कधी नव्हे ते रडू आलं. दुखण्यामुळे नव्हतं ते. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं माप घेत होतो. टेपचं दुसरं टोक धरायला घरात कुणी नव्हतं.

नळी निघाली. गळायला लागलं, बाईंनी सांगितलं होतं तसंच. उठताना, खोकताना, हसताना. हसण्याचा प्रश्न फारसा येत नव्हता. मी पँटच्या आत पॅड लावून राहू लागलो आणि ती सैल पँटच बरी वाटायची म्हणून तीच घालत राहिलो. रोज म्हणायचो, रिपोर्ट येऊ दे, मग धाकट्याला सांगू.

रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, "कापलेल्या कडा स्वच्छ आहेत. कडेपर्यंत काही पोचलेलं नव्हतं. सुटलात." मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "भावाला सांगितलंत?"

माझ्याकडे आता एकही सबब शिल्लक नव्हती.

त्याचं दुकान माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. अकरा वर्षं मी ती वीस मिनिटं चाललो नव्हतो. वाटेत दोनदा थांबलो, एकदा दमून आणि एकदा परत फिरायला. दुकानाची पाटी तीच होती, काच नवी. आत धाकटा खडूने कापडावर रेघ मारत होता, डाव्या हाताने. केस पांढरे झाले होते. मी दारात उभा राहिलो आणि ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यासारखा म्हणालो, "एक पँट आत घ्यायची होती कमरेला."

त्याने मान वर केली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग शिंप्याची सवय, नजर खाली गेली. कंबर, मांडी, डावी आतली शिवण, दाबाची बटणं. खडू त्याने खाली ठेवला.

"नळी कधी काढली, दादा?"

मी वाटेत पाठ केलेली तीन वाक्यं कुठल्या कुठे गेली. "पंधरा दिवस झाले. तुला कसं..."

"बटणं गुडघ्याच्या मागे घ्यायची होतीस. बाजूला चालताना टोचतात. मी पण आधी बाजूलाच लावली होती."

मग मी काउंटरला धरलं.

"बाबा गेल्यावर त्यांचं दुखणं एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं मी, डॉक्टर होता तो," धाकटा म्हणाला. "त्याने तेव्हाच सांगितलं, दरवर्षी रक्त तपासत जा. सहा वर्षांपूर्वी निघालं. तेव्हा रोबो नव्हता, नुसती दुर्बीण. तुमच्याच हॉस्पिटलात झालं. पाचव्या मजल्यावर चार दिवस होतो."

आनंद व्हायला हवा होता. तो बरा होता, वाचला होता, माझ्या सांगण्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. मला मात्र राग आला, तोच जुना, अंगाची आग करणारा. "आणि मला सांगितलं नाहीस? मी सहा वर्षं आधी तपासलं असतं! मी मेलो असतो म्हणजे?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"एका गाऊनवर." तो रेघ मारलेलं कापड उगाच सारखं करत होता. "पहिल्या दिवशी अंगावर घातला तो तुझ्या हातचा, तेव्हाच ओळखला, चौकोन आणि फुली. नंतरच्या एकाचा मानेचा बंद निघाला होता, बाहेरचा असेल तो. पाकिटात सुई होती. तो मी लावला, बाबांच्या पद्धतीने, आणि आयाला म्हटलं, हा खाली मास्तरांच्याच हातात दे. म्हटलं, दादा टाका बघेल आणि वर येईल. तू आला असतास तर सगळं सांगणार होतो." त्याने कापड बाजूला सरकवलं. "निघायच्या दिवशी लिफ्टने खाली पण आलो होतो. तुझ्या दारापर्यंत. तू पाठमोरा होतास, मशीन चालू होतं. हाक मारली एकदा. मग म्हटलं, गाऊन मिळाला असता तर हा असा बसला नसता. लॉन्ड्रीत गेला असेल कुठेतरी. मिळाला नाही ना तुला?"

त्याने मला दार उघडून दिलं होतं. नाही मिळाला, एवढं म्हटलं की दोघंही सुटत होतो. सहा वर्षं तो तेच धरून बसला होता, आणि त्याला पुढेही ते पुरलं असतं. माझी मान हलायच्या बेतात होती.

"मिळाला होता," मी म्हणालो. "ओळखलाही होता. आणि उसवला."

त्याने खडू उचलला, परत ठेवला. कात्री टेबलाच्या कडेला सरळ केली. त्याची डावी तर्जनी अंगठ्यावर घासत होती, सुई नसताना सुई धरल्यासारखी. लहानपणी पट्टी बसली की तो असंच करायचा. मी माफ कर म्हणालो. ते त्याला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

त्याने टेबलाखालून एक स्टूल पायाने पुढे ढकललं. पाय चार बोटं कापलेलं. "उभा राहू नकोस," म्हणाला, भिंतीकडे बघत.

मी बसायला वाकलो आणि तेवढ्याने गळायला लागलं. पॅड आधीच भरलेलं होतं, वीस मिनिटं चालून आलो होतो. मी तसाच अर्धवट वाकून थांबलो. पँटवर डाग उतरायला लागला होता आणि मला तो हाताने झाकता येत नव्हता.

"मोरी मागे उजवीकडे आहे," धाकटा म्हणाला. त्याने फळीवरून एक घडी घातलेली पँट काढून माझ्या हातात दिली, त्याची स्वतःची. "कडी लागत नाही त्या दाराला. मी उभा राहतो बाहेर."

मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं. दाराखाली दोन बोटं फट होती. तिथून त्याच्या चपला दिसत होत्या. मला बराच वेळ लागला. चपला तिथेच होत्या.